परदेशातल्या सभेत सातपाटीची खुर्ची

सातपाटीच्या बंदरात बोट लागली की पहिला प्रश्न पापलेटचा. किती मिळाले, केवढ्या वजनाचे मिळाले? गावातल्या मच्छीमार सहकारी संस्था वजनावर प्रतवारी करतात, मासा बर्फात भरला जातो आणि निर्यातदाराच्या हातून दूरदेशी निघतो. 2023 मध्ये राज्य सरकारने याच पापलेटला महाराष्ट्राचा 'राज्य मासा' म्हणून मान दिला. मासा साता समुद्रापार पोहोचतो. तो पकडणाऱ्या तांडेलाचे आणि खलाशाचे गाऱ्हाणे कुठवर पोहोचते?

तेही कधीकधी समुद्रापार पोहोचते, आणि ज्या वाटेने पोहोचते ती वाट सातपाटीतल्या बहुतेकांना ठाऊक नसेल. ऑक्टोबर 2017 मध्ये तैवानच्या काओशुंग या बंदरात कॅथलिक चर्चच्या दर्यावर्दी सेवाकार्याची जागतिक परिषद भरली. या कार्याची सुरुवात 1920 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाली. आज ते 'स्टेला मारिस' या नावाने ओळखले जाते. काओशुंगच्या परिषदेत मुख्य विषय होता मासेमारी करणाऱ्या कामगारांचा: त्यांची मजुरी, करार, बोटीवरचे हाल, परक्या देशाच्या तुरुंगात होणारी रवानगी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2007 मध्ये मासेमारी कामगारांसाठी एक करार केला, क्रमांक 188. परिषदेनंतर पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 2017 मध्ये, तो अंमलात आला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. हा करार सातपाटीच्या जेट्टीवर चर्चेला यायला हवा होता. चर्चा तैवानमध्ये झाली.

सातपाटी हे मुख्यतः हिंदू मांगेला समाजाचे गाव. तेव्हा ख्रिस्ती मिशनच्या परदेशी सभांशी गावाचे देणेघेणे काय, असे कुणी विचारील. पण पालघर जिल्ह्याचा किनारा एकच आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इथला ख्रिस्ती कोळी आणि सातपाटीचा मांगेला यांच्यावर वादळ वेगवेगळे येत नाही, डिझेलचा भावही वेगळा लागत नाही. 1998 मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताची हद्दही वसईपुरती नाही. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा मुलूख तिच्यात येतो. या धर्मप्रांताचा माणूस परदेशातल्या सभेला जातो, तेव्हा तो कुणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न म्हणूनच सर्वांचा आहे.

अशा प्रवासांकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याकडे रूढ आहेत. एक म्हणते, ही धर्मगुरूंची फॉरेन ट्रिप. दुसरी म्हणते, हा धर्मांतराचा कट. दोन्ही सवयी आळशी आहेत. कोण गेले, कोणत्या भाषेत बोलले आणि परत येऊन गावाला काय सांगितले, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही प्रवासाची किंमत ठरवता येत नाही.

या किनाऱ्याने असा प्रवासी फार पूर्वी पाहिला आहे. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली वाढलेला हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे धर्मशिक्षकाचे काम करू लागला आणि लोकांत राहून जपानी भाषा शिकला. येशूसंघात प्रवेश मिळेल ही त्याची आशा पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. पुरोहितपद त्याला कधी मिळाले नाही.

पण 1593 मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूला वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठवले, तेव्हा बरोबर कोणाला न्यायचे यावर फार विचार करावा लागला नसेल. जपानी येणारा माणूस गोन्सालो होता. दोन सत्तांच्या त्या भेटीत वसईचा हा मुलगा दुभाषी होता. काही वर्षांनी हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतोत कानाचा तुकडा कापून, भर थंडीत शेकडो किलोमीटर चालवत नेऊन, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यात गोन्सालो होता. 1862 मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. वसईतल्या महाविद्यालयाला त्याचे नाव आहे आणि हजारो मुले ते नाव असलेले ओळखपत्र गळ्यात घालून लोकलमध्ये चढतात. त्याच्या हौतात्म्याबद्दल प्रवचने पुष्कळ होतात. तो दुभाषी होता, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही, आणि आजच्या घडीला तेच अधिक मोलाचे आहे. पदाने तो सगळ्यात खालचा होता. ज्यांच्यात राहिला त्यांची भाषा त्याला येत होती, एवढ्या बळावर तो त्या दालनात उभा राहिला.

दुसरा प्रवास पंडिता रमाबाईंचा. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. गावोगावच्या चर्चमधून, स्त्रियांच्या सभांमधून बालविधवांची स्थिती मांडत फिरल्या. 1887 च्या अखेरीस बॉस्टनमध्ये 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' उभी राहिली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. ही गोष्ट अनेकांना माहीत असते. त्याच वर्षी रमाबाईंनी आणखी एक काम केले. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. तिथली राज्यव्यवस्था, शाळा, घरे, स्त्रियांच्या संघटना, आणि कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूकसुद्धा, हे सगळे त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवले. ज्या देशातून पैसा आणला त्या देशाच्या उणिवा लपवल्या नाहीत. मुदत सरल्यावर 1898 मध्ये त्या पुन्हा बॉस्टनला गेल्या आणि झालेल्या कामाचा हिशेब मांडला.

इतके करूनही संशय टळला नाही. 1893 मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या अटीवर मदत दिली, अशी त्यांची समजूत होती. तो वाद आजही वाचता येतो, कारण दोन्ही बाजूंनी जे म्हणायचे ते उघड म्हटले आणि ते छापलेले आहे. बंद दाराआडच्या कुजबुजीपेक्षा छापील भांडण कितीतरी बरे.

जागतिक सभांचा स्वतःचा इतिहासही डोळ्यांपुढे ठेवावा. जून 1910 मध्ये एडिंबरा येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेला सुमारे बाराशे प्रतिनिधी होते. त्यांत आशियातले वीसही नव्हते, आणि चर्चा चालली होती ती मुख्यतः आशिया-आफ्रिकेचे काय करायचे याची. तिथे तमिळनाडूचे वेदनायगम अझरया उभे राहिले आणि मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की तुमचा त्याग, तुमचे दान पोहोचले, आता मैत्री द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबले. परिषदेच्या जाडजूड अहवालांतले आज फारसे काही कुणाच्या लक्षात नाही. अझरयांचे भाषण आहे. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे भरलेल्या जागतिक सुवार्ता परिषदेला दीडशे देशांतून सुमारे चोवीसशे लोक आले, 2024 मध्ये त्याच चळवळीच्या दक्षिण कोरियातल्या इंचिऑनच्या परिषदेला पाच हजारांहून अधिक. खुर्च्या वाढल्या. अझरयांसारखे बोलणारे त्या प्रमाणात वाढले का, ही शंका राहते.

मच्छीमारांच्या बाबतीत असा बोलणारा भारताला मिळाला होता. केरळचे धर्मगुरू थॉमस कोचेरी. ते मच्छीमारांच्या वस्तीत राहिले, पोटासाठी त्यांच्याबरोबर काम केले आणि नॅशनल फिशवर्कर्स फोरमचे नेते झाले. महाराष्ट्र मच्छीमार कृती समिती याच फोरमशी जोडलेली. त्यामुळे केरळचा लॅटिन कॅथलिक आणि ठाणे-पालघरचा कोळी एकाच मोर्चात चालले. परदेशी मोठ्या जहाजांना भारतीय समुद्रात मासेमारीचे परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध 1994 मध्ये देशभर बंद झाले, 1995 मध्ये कोचेरी पोरबंदरला उपोषणाला बसले, आणि सरकारला मुरारी समिती नेमून त्या धोरणाचा फेरविचार करावा लागला. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत जगभरच्या मच्छीमारांचे अधिवेशन झाले; 21 नोव्हेंबरचा जागतिक मत्स्यदिन तिथून आला. कोचेरी परदेशात खूप फिरले. अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठानची दीड लाख डॉलरची फेलोशिप त्यांना मिळाली, तेव्हा त्या पैशाचे मूळ तेल कंपनीत आहे म्हणून त्यांनी ती नाकारली. ज्या समुद्रात तेल सांडते त्याच समुद्रावर आपले लोक जगतात, हे त्यांना सोयीस्करपणे विसरता आले नाही.

कोचेरींची वाट आज कोण चालतो? मिशनच्या आंतरराष्ट्रीय सभांची निमंत्रणे बहुतेक वेळा इंग्रजी येणाऱ्या, शहरात शिकलेल्या, आधी दोनचारदा जाऊन आलेल्या माणसांच्या हाती पडतात. त्यात त्यांचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा जास्त. युरोपात जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी नव्वद युरो. अर्ज फेटाळला गेला तरी ती परत मिळत नाही. बँकेचे गेल्या काही महिन्यांचे खाते दाखवा, पगाराची चिठ्ठी दाखवा. डहाणूच्या पाड्यावरचा वारली धर्मशिक्षक किंवा पाचूबंदरची मासळी विकणारी बाई पगाराची चिठ्ठी कुठून आणणार? कागद पुरे झाले तरी सभेत भाषांतर बहुधा इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच अशा मोजक्याच भाषांत. मराठी बोलणारा माणूस गप्प बसतो, फोटोत दिसतो आणि परत येतो.

यावर उपाय आहे आणि तो आवाक्यातला आहे. तीन इंग्रजी जाणणाऱ्यांऐवजी एक मच्छीमार, एक आदिवासी धर्मशिक्षक आणि त्यांचा एक दुभाषी असे तिघे पाठवावेत. खर्च तोच. पैसा कुणी दिला, तिथे काय ठरले, आपण काय मांडले, हे महिन्याच्या आत मराठीत छापावे. वसईत 'सुवार्ता' मासिक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते दीर्घकाळ सांभाळले आणि ख्रिस्ती समाजाबाहेरच्या मराठी वाचकालाही त्यात बोलावले. तो वाचक आजही तयार आहे. विदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाल्यापासून प्रत्येक परकीय रुपया दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतूनच येतो, म्हणजे सरकारला हिशेब द्यावाच लागतो. जो हिशेब सरकारला द्यायचा तो शेजाऱ्याला द्यायला संकोच कसला? सातपाटीच्या मांगेला नाखव्याला कळले की तैवानच्या परिषदेत त्याच्या खलाशाच्या मजुरीविषयी बोलणे झाले, तर कटाच्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसणे अवघड होईल.

आणि अशा सभांमध्ये करण्याजोगे एक काम तर समोरच पडले आहे. डहाणू-तलासरीतले आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. बोट सागरी सीमेपलीकडे गेली की पाकिस्तानची सुरक्षा यंत्रणा पकडते आणि पोरे कराचीच्या मलीर तुरुंगात पडतात, कित्येकदा शिक्षा संपल्यावरही. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव असते, पण आईला पत्र येत नाही, तब्येतीची खबर येत नाही. कराचीतही चर्च आहे, तिथेही मच्छीमारांत काम करणारी माणसे आहेत. दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात बोलणे बंद असते तेव्हाही बँकॉकच्या किंवा रोमच्या सभेत वसईचा माणूस आणि कराचीचा माणूस एका टेबलावर जेवतात. त्या टेबलावर तलासरीच्या मुलाचे नाव लिहिलेला कागद सरकवता येतो. त्यासाठी खिशात तो कागद असावा लागतो, आणि कागद खिशात असण्यासाठी निघण्यापूर्वी त्या पाड्यावर जाऊन यावे लागते.

पुढची मोठी सभा ठरलेली आहे. 3 ते 8 ऑगस्ट 2027 या काळात सोल येथे कॅथलिक जागतिक युवा दिन भरणार आहे, गोन्सालोच्या नागासाकीपासून एका सामुद्रधुनीच्या अंतरावर. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात अर्नाळ्यापासून सातपाटीपर्यंत बोटी पाण्यात उतरवण्याची घाई असणार, आणि घरातला तरणा हात त्या दिवसांत कुणी सोडत नाही. कोळ्याच्या पोराने सोलला जावे असे वाटत असेल, तर त्याच्या बोटीवर त्या आठवड्यापुरता बदली खलाशी उभा करावा लागेल आणि त्याची मजुरी प्रवासखर्चात धरावी लागेल. बंदीच्या जून-जुलैत जाळी विणायला पोरे घरी असतील. त्यांना विचारायला बंदरावर जावे लागेल.