शिकवणीची फी भरली, पण मुलाचा वेळ कोणी दिला?

जून महिना आला की आपल्या मोहल्ल्यांत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. यंदा सुताचा भाव काय राहील, आणि मुलाला कोणत्या क्लासला घालावे? पहिल्या प्रश्नावर आपण व्यापारी मंडळी दहा ठिकाणी चौकशी करतो, नमुना मागवतो, पोत बोटांनी तपासतो, मगच सौदा करतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र शेजाऱ्याचा मुलगा जिथे जातो तिथेच आपल्याही मुलाची फी भरतो आणि जबाबदारी संपली असे समजतो.

आमच्या हातूनही हीच चूक घडली आहे. आमच्या मधल्या मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेसाठी एका क्लासमध्ये घातले. फी पहिल्या तारखेला पोहोचत होती. पण दिवाळीनंतर लग्नसराई लागली, दुकानात गिऱ्हाईक वाढले आणि असरनंतर आम्ही त्याला दुकानावर बोलावू लागलो. "एवढे दोन तागे मोजून दे, मग जा," असे म्हणता म्हणता मगरिब होई आणि क्लासची वेळ टळून जाई. परीक्षेत गणिताचे शेवटचे सतरा प्रश्न त्याने वाचलेदेखील नाहीत. यादीत नाव आले नाही तेव्हा आम्ही त्याला बोल लावला, क्लासवाल्यांनाही लावला. मुलगा एवढेच म्हणाला, "अब्बा, घड्याळ लावून पूर्ण पेपर मी एकदाही सोडवला नव्हता."

त्याच वर्षी आमच्या दुकानात हमाली करणाऱ्या चाचांची मुलगी आठवीच्या एन.एम.एम.एस. परीक्षेत पास झाली. तिला क्लास नव्हता. मोहल्ल्यातील एक सेवानिवृत्त मास्तरसाहेब फजरनंतर पाच-सहा मुलींना घरीच बसवत. शिकवणे थोडे, जुने पेपर सोडवून घेणे जास्त, आणि समोर घड्याळ. आम्ही पैसे मोजले, मास्तरसाहेबांनी वेळ दिला. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

या परीक्षा आहेत तरी काय, हे आपल्यापैकी अनेक पालकांना ठाऊक नसते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही शिष्यवृत्ती परीक्षा घेते. पेपर दोन, प्रत्येकी १५० गुणांचे. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. पहिल्या पेपरात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी. गणिताला १०० आणि बुद्धिमत्तेला १०० गुण. ३०० पैकी २०० गुण या दोन विषयांतच आहेत. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी व आठवीला होती. २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचे ठरवले. तेव्हा आपल्या मुलाची पाळी केव्हा आहे हे मुख्याध्यापकांना शाळा सुरू होताच विचारावे. शिष्यवृत्तीची रक्कमही २०२३ साली वाढली. लहान गटाला वर्षाला ५,००० रुपये आणि मोठ्या गटाला ७,५०० रुपये झाले.

एन.एम.एम.एस. ही गरीब घरातील हुशार मुलांसाठी केंद्र शासनाची योजना आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे. परीक्षा आठवीत होते, ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. यंत्रमागावर राबणाऱ्या घरात एवढ्या रकमेवर मुलीची शाळा चालू राहते किंवा सुटते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र ही योजना सरकारी, नगरपालिकेच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत हौसेने घातलेल्या मुलाला तिचा लाभ नाही. उर्दू अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलाला आहे. आपल्या उर्दू शाळांना नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा.

आता शिकवणीबद्दल. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून ही गोष्ट आम्हाला विशेष खटकते की उर्दू शाळेतील मुलाला गणितासाठी दुसऱ्याच माध्यमाच्या क्लासला बसवले जाते. तो क्लासमध्ये 'मसावि' ऐकतो आणि परीक्षेच्या पेपरात 'आदे-आजम' वाचतो. गणित येत असूनही अडखळतो. ही परीक्षा उर्दूतून देता येते. मग शिकवणीही उर्दूतूनच हवी. इंग्रजी जरूर पक्के करावे, पण गणिताचा बळी देऊन नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लासची पारख. किती जाड नोट्स देतात हे विचारू नका. महिन्यातून किती वेळा पूर्ण पेपर घड्याळ लावून घेतात, आणि चुकलेला प्रश्न मुलासमोर पुन्हा सोडवून दाखवतात का, हे विचारा. उत्तरपत्रिकेवरील गोल रंगवण्याची सवय घरी झाली नसेल तर परीक्षेत हात थरथरतो. मोठ्या गटाच्या पेपरात काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात, हेही अनेक मुलांना परीक्षेच्या दिवशीच कळते.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. एन.एम.एम.एस.चा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेवर काढावा लागतो. शाळेच्या रजिस्टरात 'शेख', आधार कार्डावर वेगळेच स्पेलिंग आणि बँकेत तिसरेच नाव असेल तर पास झालेल्या मुलाचेही पैसे अडकतात. चाचांच्या मुलीचे असेच झाले. नाव दुरुस्त करण्यासाठी चाचांचे चार दिवसांचे काम बुडाले. आपण जी.एस.टी.च्या बिलावर एक अक्षर चुकू देत नाही. मुलांच्या कागदांवर का चुकू देतो?

आता आम्हा व्यापाऱ्यांनी काय करावे? एन.एम.एम.एस. साधारणपणे डिसेंबरात आणि शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास असते. नेमकी हीच लग्नसराईची वेळ. त्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ साली तो मार्चच्या सुरुवातीला लागला. म्हणजे यापुढे काही वर्षे ईदचा हंगाम आणि परीक्षेची तयारी एकमेकांत अडकणारच. म्हणून तयारी जूनमध्येच सुरू करावी आणि परीक्षेआधीचे तीन महिने मुलाला गल्ल्यावर बसवू नये. त्या जागी एक माणूस जास्त ठेवावा लागला तर ठेवावा. त्याची मजुरीही शिकवणीचाच खर्च समजावी.

ज्यांच्या दुकानावर माडी आहे त्यांनी रोज एक तास ती मोहल्ल्यातील मुलांसाठी मोकळी करावी. एक फळा, एक घड्याळ, जुन्या पेपरांच्या झेरॉक्स आणि एक शिकवणारा, एवढेच लागते. मालेगावसारख्या गावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. त्या दिवशी जुमापूर्वी एक पूर्ण पेपर सहज होतो. मुलींची वेळ दिवसाची ठेवावी. रात्रीच्या क्लासमुळे कितीतरी हुशार मुली घरीच राहतात. खर्च लिल्लाह रकमेतून करता येईल. जकातीचा पैसा शिक्षकाच्या पगाराला लावण्यापूर्वी मात्र आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे.

आमचा मुलगा आज दुकान सांभाळतो, अल्लाहची कृपा आहे. पण माडीवर शुक्रवारचा पेपर सुरू झाला की घड्याळ तोच लावतो. त्याला तेव्हा जे मिळाले नाही ते तो दुसऱ्यांच्या मुलांना देतो, आणि आम्ही खाली गल्ल्यावर बसून आमची उधारी आठवतो. गिऱ्हाइकाची उधारी पुढच्या हंगामात वसूल होते. मुलाचे आठवीचे वर्ष परत येत नाही. अल्लाह आपणा सर्वांना वेळेवर जागे होण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.