रंग पिकाचा, रंग कातडीचा

कापलेले सफरचंद किंवा अळिंबी काळवंडते ती पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. आपल्या त्वचेत मेलॅनिन घडवणारे टायरोसिनेजही त्याच तांबेयुक्त कुळातले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दोन्ही रंगांवर काम झाले. कीथ चेंग यांच्या गटाने २००५ मध्ये झेब्राफिशच्या आधारे मानवी वर्णावर प्रभाव टाकणारा 'एसएलसी२४ए५' जनुक ओळखला. यिनाँग यांग यांनी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने कमी काळवंडणारी अळिंबी घडवली. तिला आपल्या नियमनाची गरज नाही, असे तिथल्या कृषी खात्याने २०१६ मध्ये कळवले.

हे ज्ञान मोलाचे आहे. प्रश्न वापराचा आहे. त्वचा उजळवणाऱ्या हायड्रोक्विनोनची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री अमेरिकेने २०२० च्या कायद्यानंतर थांबवली. आपल्याकडे गोरेपणाचा बाजार अजून तेजीत आहे. दुसरीकडे, मे २०२५ मध्ये भारताने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. सरकारने अशा पीकसंशोधनाला बळ द्यावे, चाचण्यांचे निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे खुले ठेवावेत आणि उजळपणा विकणाऱ्या मलमांची तपासणी कडक करावी. अन्नाची नासाडी हा रोग आहे. सावळी कातडी हा रोग नव्हे.