लेखणीपुरता भूतकाळ
फ्रेंच भाषेत एक भूतकाळ असा आहे की ज्याची हयात कादंबऱ्यांत व इतिहासग्रंथांत जाते आणि बाजारात वा भोजनाच्या मेजावर ज्याचा उच्चार सहसा होत नाही. 'बोलणे' या अर्थाच्या 'पार्ले' या नियमित धातूची त्यातील रूपे पार्ले, पार्ला, पार्ला, पार्लाम, पार्लात, पार्लेर अशी चालतात, आणि प्रथमपुरुषी एकवचन तर कानाला मूळ धातूहून निराळे भासतही नाही. कामूने १९४२ मध्ये आपल्या पहिल्या प्रसिद्ध कादंबरीत या कुलीन काळास बहुतांशी फाटा देऊन बोलीतला भूतकाळ पत्करला. नगरकरांस याचे नवल वाटू नये. मी बोले, तो बोले, आम्ही बोलू, ते बोलत हा आपला रीतिभूतकाळही आज लेखणीपुरताच उरला असून, संगमनेरच्या बाजारातला अडत्या 'मी दररोज येई' असे चुकूनही म्हणणार नाही, 'यायचो' म्हणेल. भेद इतकाच की फ्रेंच रूप एकदा घडून संपलेल्या क्रियेचे, आपले वारंवार घडणाऱ्या क्रियेचे. शके १२१२ मध्ये प्रवरातीरी नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या काळी हे 'बोले' वर्तमानकाळाच्या गादीवर होते; पुढे 'बोलतो'ने ती वहिवाट बळकावली आणि जुन्या मालकास (माझ्या मते मोठ्या सन्मानाने) भूतकाळात जहागीर मिळाली. मराठीच्या घडणीचा हा सारा दप्तरखाना धुंडाळणाऱ्या अग्रणी पंडितांपैकी एक, ज्यूल ब्लॉक, फ्रेंचच होता.