चार तारखेचे फॅन, नऊ तारखेची माणसं

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की तुमच्या-माझ्या स्टोरीजना भरती येते. गेटवेसमोर दिव्यांनी उजळलेल्या युद्धनौका, मागे नेव्हीचा बँड, कुणाचा तरी पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याबरोबर सेल्फी. चार तारखेला आपण सगळे कट्टर नौदलप्रेमी असतो आणि पाच तारखेला परत सबमिशनच्या मागे. मीही त्यातलीच, उगाच आव आणत नाही.

गेल्या वर्षी इंटर्नशिप सुरू असताना मला एक छोटी असाइनमेंट मिळाली. आमच्या उपनगरात नौदलप्रेमींचं एक मंडळ आहे, त्यांच्या कार्यक्रमाची दोनशे शब्दांची बातमी करायची. (मंडळाचं नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलं.) निमंत्रणावर तारीख होती ९ डिसेंबर. मला वाटलं, छापताना चूक झाली. फोन करून विचारलं, "काका, नेव्ही डे चारला असतो ना?" पलीकडून उत्तर आलं, "चारला गर्दी असते, बेटा. आम्ही नऊला भेटतो."

४ डिसेंबर कशासाठी, हे आपल्याला साधारण माहीत असतं. १९७१च्या युद्धात त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. ती जिंकल्याची रात्र. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपल्या आयएनएस खुकरीला टॉर्पेडोने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, त्यांचं नाव तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. उरलेल्या १९३ जणांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल? मला नव्हतं येत.

मंडळाचा कार्यक्रम म्हणजे ती सगळी नावं वाचणं. भाषण नाही, शाल-श्रीफळ नाही. शाळेच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक आणि झेरॉक्स काढलेली यादी. चार-पाच जण आलटून पालटून वाचतात. नावाबरोबर हुद्दाही. साधारण साठाव्या नावाला मी मोबाइल पर्समध्ये टाकला. शंभराच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की १९४ हा आकडा मी बातमीत एका ओळीत लिहून मोकळी झाले असते. ऐकायला बसलं की तो संपतच नाही.

हॉलमध्ये मोजून तेवीस माणसं होती. माझ्यानंतरचं सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीचं. आणि मुद्दा इथेच आहे. हे मंडळ आपल्याशिवाय पाच-सात वर्षांत बंद पडणार आहे, आणि ते बंद पडणं आपल्याला परवडणारं नाही.

"अशी मंडळं म्हणजे रिटायर्ड लोकांचा टाइमपास" असं तुम्ही म्हणाल. थोडं खरं आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी जहाजाच्या फोटोवर सुप्रभात येतं. कार्यकारिणीत एकही बाई नाही. आयएनएसव्ही तारिणीवरून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी पृथ्वीप्रदक्षिणा करून २०२५च्या मे महिन्यात गोवा गाठलं, तरी यांना अजून एखादी मुलगी कमिटीवर घ्यावीशी वाटलेली नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "तू ये ना मग," असं उत्तर मिळालं. बोलती बंद.

पण वर्षभर ते काय करतात, ते बघा. जूनमध्ये नगरपालिकेच्या शाळांमध्ये जाऊन मुलांना दोरीच्या गाठी शिकवतात. भरतीच्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी टेबल टाकून बसतात आणि अग्निवीरचे फॉर्म भरायला फुकट मदत करतात. तिथे एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "चार वर्षांनी पुढे काय?" मला वाटलं, आता देशभक्तीवर लेक्चर. पण काकांनी सरळ सांगितलं की पुढे जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करतात, बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतात आणि ते बाहेर पडतात. पेन्शन नाही. विचार करून भरा. ही योजना बरी की वाईट यावर मंडळात दर महिन्याला कडाक्याचं भांडण होतं. मला ते भांडण आवडतं. ज्याला नुसत्या टाळ्या वाजवायच्या आहेत, तो या भानगडीत पडत नाही.

फेब्रुवारीत त्यांची एक पदयात्रा असते. गेटवेपासून सुरू होते. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, ही तत्कालीन कारणं. बघता बघता तो कराचीपर्यंत पसरला. सैन्याने कॅसल बॅरॅक्सला वेढा घातल्यावर साधी मुंबईकर माणसं गेटवेवर या खलाशांसाठी खाणं घेऊन आली. २२ तारखेला गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळीबारात माणसं मेली. राजकीय पक्षांचे मोठे नेते तेव्हा शांत व्हा म्हणत होते. या शहरातलं नौदलप्रेमींचं पहिलं मंडळ कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या डबे घेऊन आलेल्या माणसांकडे बोट दाखवीन. कॅसल बॅरॅक्स आज आयएनएस आंग्रे आहे. कुलाब्यात त्या उठावाचं स्मारकही आहे, तुम्ही त्याच्यासमोरून कॉजवेवर शॉपिंगला गेला असाल.

आता विक्रांतबद्दल. आपली पहिली विमानवाहू नौका, १९६१ ते १९९७ सेवेत. नंतर बरीच वर्षं मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. मी तेव्हा इतकी लहान होते की तिच्यावर गेल्याचा फोटो आहे, आठवण नाही. २०१२मध्ये ती धोकादायक ठरवून लोकांसाठी बंद झाली आणि २०१४मध्ये भंगारात निघाली. तेव्हा सगळ्या शहराला पुळका आला. सह्यांच्या मोहिमा, कोर्टात याचिका, सगळं झालं. पुढे तिचं थोडं पोलाद एका मोटरसायकलमध्ये वापरलं गेलं आणि आपण ती बाइक कौतुकाने विकत घेतली. विशाखापट्टणमला मात्र आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २००२पासून किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे, लोक तिकीट काढून आत जातात. तुलना शंभर टक्के न्याय्य नाही, हे मान्य. पाणबुडी वाळूवर चढवून ठेवता येते. दोनशे मीटरपेक्षा लांब जहाज खाऱ्या पाण्यात टिकवायचं तर दरवर्षी प्रचंड खर्च. सरकारकडे पैसा नव्हता की इच्छा नव्हती, यावर वाद घाला. पण ती उघडी होती तेव्हा आपण किती वेळा गेलो? सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी तिकीट काढलं होतं? या प्रश्नावर मंडळातले काकासुद्धा गप्प होतात. त्यांच्यातल्या एकाने कबूल केलं की तो नोकरीच्या काळात तीन वर्षं विक्रांतवर राहिला होता, पण संग्रहालय झाल्यावर एकदाही गेला नाही. "बघवलं नसतं," म्हणाला.

दुसरी खुकरी, म्हणजे बुडालेल्या जहाजाचं नाव घेऊन माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ ते २०२१ सेवेत होती. ती आता दीवला संग्रहालय म्हणून आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही दीवला जाताच. समुद्रकिनारा आणि बाकीचे कार्यक्रम आटोपले की तिथेही एक चक्कर मारा.

यंदा यादीतली पंचवीस नावं मला वाचायला दिली आहेत. दोनदा सराव केला. पुष्कळ नावं केरळची आणि तमिळनाडूची आहेत, इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही आणि चुकीचं वाचायला जीव धजत नाही. तुमच्या वर्गात कुणी मल्याळी किंवा तमिळ मित्रमैत्रीण असेल तर या पानाच्या पत्त्यावर कळवा. अर्धा तास लागेल, चहा माझ्याकडून. आणि नऊ तारखेला संध्याकाळी वेळ असेल तर तुम्हीही या, खुर्च्या भरपूर आहेत.