बिनमालकाचा रोजगार

जानेवारी २०१८ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी विचारले होते की, कोणी भजी विकून संध्याकाळी दोनशे रुपये घरी नेत असेल, तर त्याला रोजगार मिळाला असे म्हणायचे की नाही? विरोधकांनी त्यावर रस्त्यांवर भजी तळून निषेध केला, समाजमाध्यमांवर थट्टा झाली आणि विषय मिटला. तो मिटायला नको होता. प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी सरकारइतकीच विरोधकांचीही होती. दिवसाकाठी चार पैसे मिळणे म्हणजे रोजगार की त्यासाठी आणखी काही लागते, हे या देशाच्या राजकारणाने तेव्हाही ठरवले नाही आणि आजही ठरवलेले नाही. मधल्या काळात लाखो तरुणांच्या हातातला मोबाइल हेच त्यांचे कामाचे ठिकाण झाले. सकाळी लॉगइन करायचे, ऑर्डर आली की धावायचे, रात्री लॉगआउट करायचे. यांच्या कामाला मालक कोण, हे निश्चित झाल्याशिवाय बेरोजगारीवरची कोणतीही राष्ट्रीय चर्चा अर्धवट राहील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी आकड्यांकडे पाहू. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. तो अहवाल वेळेत प्रसिद्ध होत नाही म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले आणि लोकसभा निवडणूक पार पडल्यावर, मे महिन्याच्या अखेरीस, तो बाहेर आला. २०२३-२४ मध्ये हाच दर ३.२ टक्क्यांवर आला. सत्ताधारी हा आकडा अभिमानाने सांगतात, विरोधक तो खोटा म्हणतात. आमच्या मते आकडा खोटा नाही, अपुरा आहे. त्याच पाहणीत स्वयंरोजगारात मोडणाऱ्यांचे प्रमाण या सहा वर्षांत ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले आणि नियमित पगारावर असलेल्यांचे २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. स्वयंरोजगाराच्या वाढीत मोठा वाटा ग्रामीण भागातल्या, घरच्या शेतीत किंवा घरगुती धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचा आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. या पाहणीच्या साप्ताहिक निकषात आठवड्यातल्या एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगार असलेला धरला जातो. ही पद्धत आंतरराष्ट्रीय आहे, फार जुनी आहे आणि ती कोणा एका पक्षाने शोधलेली नाही. दोष मोजणाऱ्यांचा नाही. काम मिळाले का, हे सांगणाऱ्या आकड्याकडून कसले काम मिळाले याचेही उत्तर वसूल करणाऱ्या राजकारणाचा तो दोष आहे.

मोबाइलवरच्या कामाने रोजगाराचा आकडा आणि कामाचा दर्जा यांतली ही फट आणखी रुंद केली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये अशा कामगारांची संख्या ७७ लाख आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल, असा अंदाज आहे. आधार, परवाना, बँक खाते आणि दुचाकी एवढ्या भांडवलावर दोन-तीन दिवसांत काम सुरू होते. शिफारस लागत नाही, लाच लागत नाही, जात विचारली जात नाही. ही या तंत्रज्ञानाची खरी देणगी आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. पण पेट्रोल कामगाराचे, गाडीचा हप्ता त्याचा, मोबाइल आणि डेटा त्याचा, पावसाळ्यात गाडी घसरली तर हाडही त्याचेच. प्रत्येक ऑर्डरमागे काय मिळणार हे कंपनी ठरवते, ते कधी बदलायचे हेही कंपनीच ठरवते आणि बदल कळतो तो ॲपवर. इन्सेंटिव्हसाठी किती फेऱ्या लागतील, कोणत्या भागात उभे राहायचे, रेटिंग घसरले तर काय होईल, हे सारे संगणकाची आज्ञावली सांगते. आयडी ब्लॉक झाला की रोजगार संपला. नोटीस नाही, सुनावणी नाही, दाद मागायला समोर माणूसही नाही. कामावर एवढा ताबा जो ठेवतो, तो मालक नव्हे तर कोण? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘उबर’च्या खटल्यात नेमका हा ताबाच निर्णायक मानला आणि चालकांना किमान वेतन व भरपगारी रजेचा हक्क असल्याचे मान्य केले.

महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे सुमारे शंभर उमेदवार. निवड झाली नाही ते उरलेले लाखो तरुण पुढे काय करतात? पहाटे मैदानावर धावणारा, दुपारी अभ्यासिकेत बसणारा आणि संध्याकाळी पाठीला थैली अडकवून जेवणाचे डबे पोहोचवणारा मुलगा सरकारी पाहणीत बेरोजगार ठरत नाही. त्याच्या दृष्टीने मात्र तो अजून नोकरीच्या शोधात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाने दाखवले की, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधला ३.४ टक्के. शिकलेल्याला वाट पाहणे परवडते, गरिबाला परवडत नाही, एवढाच याचा अर्थ लावून थांबता येणार नाही. शिक्षणाने ज्या प्रकारच्या कामाची आशा दाखवली, ते काम बाजारात नाही, हा त्याचा अधिक गंभीर अर्थ आहे. ॲपवरचे काम ही आशा पूर्ण करत नाही, पण असंतोषाची धार तेवढी बोथट करते.

राजकीय पक्षांनी या परिस्थितीला दिलेला प्रतिसाद पाहिला की चिंता वाढते. २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसने ‘पहिली नोकरी पक्की’ म्हणत वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीची हमी दिली. निवडणुकीनंतरच्या अर्थसंकल्पात केंद्राने पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या ५०० कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात ‘लाडका भाऊ’ म्हणून ओळखली गेलेली कार्य प्रशिक्षण योजना आली, शिक्षणानुसार दरमहा ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतनाची. या तिन्हींचा हेतू वाईट नाही. पण तिन्ही योजना दारात उभ्या असलेल्याला आत घेण्याच्या आहेत, तेही काही महिन्यांपुरते. आत गेल्यावर कामाच्या अटी काय असतील, याबद्दल त्या मौन पाळतात. संसदेत बेरोजगारीवर आवाज चढतो तो संख्येवरून. कामाच्या दर्जावरून तो चढल्याचे क्वचितच दिसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. हे काम लवचीक आहे, विद्यार्थी किंवा दुसरी नोकरी असलेले लोक ते सोयीने करतात, त्याला कायद्याच्या चौकटीत कोंबले तर कंपन्या भरती कमी करतील आणि आज जे मिळते तेही जाईल, असे उद्योगांचे म्हणणे. सोयीने दोन तास काम करणारे आहेत, हे मान्य. मात्र दिवसाचे दहा-बारा तास, आठवड्याचे सहा-सात दिवस याच कामावर घर चालवणाऱ्यांना तोच युक्तिवाद लावणे चुकीचे आहे. शिवाय लवचीक काम आणि असुरक्षित काम यांची सांगड अपरिहार्य नाही. एका मालकाला बांधलेला नसलेला, आज या गोदामात तर उद्या त्या गोदामात काम करणारा कामगार ही काही मोबाइलने जन्माला घातलेली जात नव्हे. मुंबईच्या बाजारपेठांत ती पिढ्यान्‌पिढ्या होती आणि तिचा प्रश्न महाराष्ट्राने १९६९ मध्येच सोडवायला घेतला होता.

त्या वर्षीचा माथाडी कायदा हे या राज्याच्या कामगार चळवळीचे देशाला मिळालेले मोठे योगदान आहे. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या माथाडींना एकच एक मालक नव्हता. माल व्यापाऱ्याचा, गाडी वाहतूकदाराची, टोळी मुकादमाची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ती अवस्था होती. मालक एकच असला पाहिजे, हा हट्ट कायद्याने सोडला. व्यापारी आणि कामगार दोघांचीही नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार द्यायचे, अशी ही रचना. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार या तिघांचेही प्रतिनिधी. किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार यांची अशी मंडळे उभी राहिली आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी हातात काही रक्कम येऊ लागली. मोबाइलवरच्या कामगाराला हीच रचना जवळपास जशीच्या तशी लागू पडते.

माथाडी मंडळांत बोगस नोंदणी झाली, माथाडींच्या नावाने उद्योगांकडून खंडणी उकळली गेली, अशा तक्रारी आहेत आणि त्या निराधार नाहीत. पण त्या तक्रारींचे मूळ कागदी नोंदीत आणि दमदाटीला मिळालेल्या मोकळिकीत होते. कोणत्या फेरीला कोण गेले, किती किलोमीटर गेले, ग्राहकाने किती दिले आणि कामगाराला किती मिळाले, हे ॲपवर प्रत्येक व्यवहारात आपोआप नोंदले जाते. बोगस कामगार घुसवायला तिथे जागाच फार थोडी. जे तंत्रज्ञान कामगाराची एका मिनिटाची दिरंगाई पकडते, तेच त्याचे भविष्य निर्वाह निधीचे पैसेही हिशेबाने जमा करू शकते. राजस्थानच्या २०२३ च्या कायद्याने व्यवहारामागे उपकर आकारण्याची कल्पना मांडली, पण सत्ताबदलानंतर अंमलबजावणी रेंगाळली. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात कामगाराला देय रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आहे आणि काम बंद करण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीसही. ४० रुपयांच्या फेरीवर हे शुल्क ४० पैसे ते २ रुपये होते. एवढ्याने कुठला उद्योग बुडणार आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांना प्रथमच केंद्रीय कायद्यात स्थान दिले आणि कंपन्यांच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के निधी ठरवला, याचे स्वागत आहे. पण हा निधी कल्याणाचा आहे. दर कोण ठरवणार, आयडी ब्लॉक झाल्यावर दाद कुठे मागायची, हे त्या निधीने सुटत नाही. ते राज्यांना सोडवता येईल आणि त्या वाटेवर सर्वांत आधी जाण्याचा मान महाराष्ट्राचा होता. विधिमंडळाने आता माथाडी कायद्याच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ, व्यवहारामागे लेव्ही, दरपत्रकात बदल करण्याआधी मंडळाशी सल्लामसलत आणि खाते बंद करण्याआधी माणसापुढे सुनावणी, या तरतुदींचे विधेयक आणावे. केंद्राने श्रमबल पाहणीत या कामगारांसाठी वेगळा वर्ग करून त्यांचे कामाचे तास आणि खर्च वजा जाता उरणारी कमाई दर वर्षी जाहीर करावी. त्या आकड्यांवर लोकसभेत भांडण व्हावे, अगदी कडाक्याचे व्हावे.