साहेब, आधी ऐकायला शिका

हल्ली कंपन्यांमध्ये ‘संवादकौशल्य’ शिकवण्याची साथच आली आहे. मॅनेजर मंडळींना हॉटेलात नेतात. हात कसे हलवावेत, स्लाइड कशी सजवावी हे शिकवतात. मी बसलो त्या कार्यशाळांत एक प्रश्न मात्र कुणीच घेतला नाही. हाताखालचा माणूस वाईट बातमी घेऊन दारात उभा राहिला, तर साहेबाने काय करावे?

या प्रश्नाची किंमत पाहायची असेल तर कल्पना चावला आठवा. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले आणि दीड मिनिटाच्या आतच फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. इंजिनिअरांना शंका आली. पंखाची छायाचित्रे घ्या, अशी विनंती त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा केली. वरच्यांनी पाहिले ते काय? विनंती रीतसर आली आहे का! छायाचित्रे घेतलीच नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले. सात जण गेले.

त्या दिवसांत धोक्याचा हिशेब स्लाइडवर मांडला गेला होता. शीर्षक दिलासा देणारे होते. आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा सुमारे ६४० पट मोठा होता, हे कळण्याजोगे आकडे मात्र अगदी तळाच्या ओळीत, बारीक अक्षरात. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात अशा स्लाइडबाजीवर स्पष्ट ठपका ठेवला. आणि आपण आजही त्याच स्लाइडला कौशल्य म्हणतो!

बरे, हा पहिला धडाही नव्हता. १९८६ मध्ये चॅलेंजरच्या आदल्या रात्री थंडीत रबरी कड्या दगा देतील, असे इंजिनिअर सांगत होते. त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. तेव्हाही सात जण गेले.

कुणी म्हणेल, आमचे ऑफिस म्हणजे काय नासा आहे? नसेल. पण मशीनचा आवाज बदलला हे आधी ऑपरेटरला कळते आणि गिऱ्हाईक चिडले हे आधी काउंटरवरच्या मुलीला कळते. ती बातमी वर पोचेपर्यंत ‘सगळे ठीक आहे’ होते. कारण सांगणाऱ्याला ‘निगेटिव्ह’ ठरवले जाते, वेतनवाढीच्या वेळी ते लक्षात ठेवले जाते. मग तो शहाणा होतो आणि गप्प बसतो. या गप्प बसण्यालाच आपण शिस्त म्हणतो.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगार दोरी ओढून मदत मागतो. दोष तिथेच निस्तरला नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून त्याला जाब विचारायचा नसतो. नियोजन म्हणतात ते याला. वाईट बातमीला वर चढायला वाट करून देणे.

तेव्हा मॅनेजर साहेब, कार्यशाळेचे पैसे वाचवा. बैठकीत सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. कुणाची सूचना नाकारली तर कारण लेखी द्या, खाली सही करा. आणि महिनाभर तुमच्याकडे एकही तक्रार आली नाही, तर खूश होऊ नका. घाबरा.