स्वस्त तिकीट, महाग प्रतीक्षा

मुंबईत बेस्ट उपक्रमाने ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले. २०१९ मध्ये हेच भाडे ८ रुपयांवरून ५ वर आणले गेले, तेव्हा प्रवासी वाढले होते. साहजिकच या दरवाढीवर टीका झाली. परंतु तिच्यातील एक तपशील दुर्लक्षित राहिला. तिकीट दुप्पट झाले, तरी दैनिक पास ६० रुपयांवरून ७५ वरच गेला. पूर्वी तो वसूल होण्यास किमान भाड्याचे बारा प्रवास करावे लागत. आता आठ पुरेत.

बाहेरगावाहून मुंबई पाहावयास आलेल्या चौघांच्या कुटुंबाला ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ३०० रुपयांत गेटवे, महात्मा फुले मंडई, राणीची बाग, हाजी अली, दादर चौपाटी अशी दिवसभराची भ्रमंती होते आणि वाटेत शहरही दिसते. भुयारी मेट्रो कितीही वातानुकूलित असो, तिच्या खिडकीतून गिरगाव दिसत नाही!

मात्र पासाचे खरे मोल त्यावर छापलेल्या रकमेत नसून दोन गाड्यांमधील अंतरात असते. प्रत्येक थांब्यावर अर्धा तास तिष्ठावे लागले, तर आठ प्रवासांपायी चार तास थांब्यांवरच खर्ची पडतात. पाहुण्याची सहल तेवढी फसते. रोज कामावर जाणाऱ्याची मजुरी बुडते. ही किंमत उपक्रमाच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

बेस्टचा तोटा खरा आहे. १९४७ पासून महापालिकेच्या मालकीच्या असलेल्या या उपक्रमात बसची तूट दीर्घकाळ विजेच्या नफ्यातून भरून निघे. तो आधार पुढे आटला. जवळजवळ सहा वर्षांनी झालेली भाडेवाढ त्यामुळे सर्वस्वी अवाजवी म्हणता येणार नाही. आक्षेप निराळा आहे. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला ताफा रोडावला असताना भाडे वाढवणे म्हणजे कमी मालाला जादा दाम मागणे होय. याच महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा सागरी किनारा मार्ग बांधला. त्यावरून मोटारी पथकर न देता धावतात. मोटारवाल्याला मिळणाऱ्या या सवलतीला कोणी 'तूट' म्हणत नाही, बसप्रवाशाला मिळणाऱ्या सवलतीला मात्र म्हणतात.

महापालिका बेस्टला अनुदान देते, तेव्हा केवळ रकमेचा आकडा जाहीर होणे पुरेसे नाही. त्या पैशांतून किती नव्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि कोणत्या मार्गावर दोन गाड्यांमधील अंतर किती मिनिटांनी घटले, हेही दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजे.